मागच्या पुठ्ठ्याचा खिसा

पगाराची चिठ्ठी खिडकीतून पुढे सरकवताना कारकुनाने तिच्यावरचं बोट उचललं नाही. मागे रांगेत तिघं उभे होते. "कोर्टाकडून पत्र आलंय तुमचं," तो म्हणाला. त्याने आवाज खाली आणला होता, पण मागच्या तिघांना नीट ऐकू जाईल इतपतच. "मुलीच्या खर्चाचे चौदा महिने थकलेत म्हणे. गुरुवारी जाऊन काय ते सांगा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून आम्हाला इथेच कापावं लागेल." मग जरा ओशाळून, "आम्ही काय हो, वरून रेघ आखून आली की कापायचं. तुमच्या कटिंग मशीनसारखं." बाइंडरने चिठ्ठी घेतली, पत्र घेतलं आणि दोन्हीची एकात एक घडी घातली. घडी कोपऱ्याला कोपरा लावून पडली. वीस वर्षं बाइंडिंगचं काम केलेल्या हाताला वाकडी घडी जमतच नव्हती. काहीतरी चूक असेल, असं तो म्हणाला असता, पण मागच्या तिघांतला एक जण छताकडे बघायला लागला होता, आणि छताकडे बघणाऱ्या माणसाला काही पटवून देता येत नाही.

बाइंडिंगचा विभाग ग्रंथालयाच्या तळघरात होता. एकोणीस पायऱ्या उतरल्या की खळीचा आंबूस वास सुरू होई आणि वरचे आवाज बंद होत. शिलाईच्या मेजावर मावशी बसलेली होती. ती त्याची कोणी नव्हती. त्याच्या आधी दहा वर्षं इथे लागलेली, आणि सगळ्यांचीच मावशी. "काय रे, पगार कमी आला का?" "नाही. बरोबर आला." "मग तोंड का असं, फर्मा उलटा शिवल्यासारखं?" तो हसला. हसणं थोडं उशिरा आलं, पण आलं. दाबयंत्राशेजारच्या दिव्याखाली त्याने पत्र उलगडलं. सदर रक्कम दरमहा दहा तारखेपर्यंत अपत्याच्या आईच्या खात्यात जमा करावयाची असूनही. अपत्य, म्हणजे खारू. गेले चौदा महिने एकही भरणा झालेला नसल्याने. आणि अगदी खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, थकबाकीच्या प्रकरणात शनिवारच्या भेटीचाही फेरविचार करण्यात येईल. ती शेवटची ओळ त्याने तीनदा वाचली. शनिवार, दुपारी तीन ते सहा. आठवड्याचे बाकीचे दिवस नुसते पुठ्ठे होते. वाचण्यासारखं जे काही होतं ते त्या तीन तासांत.

आणि पैसे तर त्याने दिले होते. एकही महिना न चुकता. पहिली तीन वर्षं तो बँकेतच भरत असे. यंत्रापुढे उभं राहायचं, आकडे दाबायचे, यंत्र आभार मानी आणि कागदाचं एक चिटोरं बाहेर काढी. मग एका शनिवारी खारूने विचारलं. तिला तेव्हा दहावं लागणार होतं. खारू हे तिचं नाव नव्हे. लहानपणी खोडरबराचे तुकडे, बटणं, पेन्सिलींची टोकं असलं सगळं ती कुठे ना कुठे दडवून ठेवी, आणि घरात कुणाला काही सापडेनासं झालं की आधी खारूच्या उशीखाली बघायचं, अशी तेव्हा रीत होती. तेव्हा म्हणजे तिघं एका घरात होती तेव्हा. तर तिने विचारलं, "बाबा, तू माझ्यासाठी काही देतोस का?" उद्या ऊन पडेल का असं विचारावं तितक्या सहज. "देत नाही असं कोण म्हणालं?" "कोणी नाही. वर्गातली एक म्हणाली, वेगळे राहणारे बाबा देत नाहीत." त्याने तिला समजावलं, बँक म्हणजे काय, खातं म्हणजे काय, इकडचा आकडा कमी झाला की तिकडचा कसा वाढतो. मुलांना समजावून सांगणं हा त्याचा आवडता उद्योग. तळघर बघायला शाळेची मुलं येत तेव्हा विभागप्रमुख त्यालाच पुढे करीत. खारूनेही शहाण्यासारखी मान हलवली. पण घरी परतताना त्याला वाटत राहिलं की तिने मान हलवली ती त्याच्यासाठी. आकड्याला तोंड नसतं. आपला बाप आपल्यासाठी काही करतो हे मुलीला कशात दिसावं?

म्हणून वह्या. पहिली वही करायला त्याला चार दुपारच्या सुट्ट्या लागल्या. कापणीत वाया जाणारा चांगला कागद मावशीने बाजूला ठेवून दिला. तळव्याएवढी वही, सोळा सोळा पानांच्या घडीचे सहा फर्मे, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलेली, पाठीला निळं कापड, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत, अस्तराच्या कागदाखाली, एक खिसा. तीन बाजूंनी चिकटवलेला. चौथ्या बाजूला झाप, तोही पैसे घातल्यावर खळीचं एक बोट फिरवून बंद केलेला. वरून बघणाऱ्याला कळूही नये. "हे आईला द्यायचं. जपून. आई ब्लेडने झाप उघडेल," त्याने खारूला सांगितलं, आणि तिने वही दोन्ही हातांनी घेतली. दोन्ही हातांनी. ते दृश्य पुढे महिनाभर त्याला पुरलं. मग दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक वही. आदेशात खातं लिहिलं होतं, हे तो विसरला नव्हता. पण पैसे त्याच घरात, त्याच मुलीसाठी, त्याच तारखेच्या आत जात होते; मग ते यंत्रातून गेले काय आणि मुलीच्या दप्तरातून गेले काय? असं त्याने स्वतःला विचारलं होतं आणि स्वतःच उत्तर दिलं होतं. मुलीच्या आईला त्याने विचारलं नाही. ते दोघं बोलत नव्हते. खारूला ती दारापर्यंत सोडी आणि तो बेल वाजण्याच्या आत दार उघडी, इतकाच काय तो त्यांचा व्यवहार.

आता मेजावर एक जुनी दैनंदिनी दुरुस्तीला आली होती. त्याने सुई ओवली आणि तो शिवायला बसला, कारण बसायचं तर हात रिकामे ठेवून कसं बसणार? ती खोटं बोलते आहे, असं आधी त्याच्या मनात आलं. मुलीची आई. पण हा विचार टिकेना. ती टोचून बोले, दार आपटी, जेवणाच्या ताटावरून उठून जाई, पण खोटं बोलणं तिला कधी साधलं नाही. चष्म्याच्या दुकानात ती लोकांची नजर तपासते, आणि दिसत नाही ते दिसत नाही असं सांगण्याची तिला दिवसभर सवय. मग पैसे गेले कुठे? टोच्याने पाडलेल्या भोकातून सुई आत गेली, बाहेर आली. आणि त्याला आठवलं की तिसऱ्या का चौथ्या वहीच्या वेळी खारू म्हणाली होती, "पुढच्या वहीला खिसा नको ना, बाबा." "का गं?" "वही जाड होते." तेव्हा तो खूश झाला होता. पोरीचं लक्ष आहे. त्याने तिला खिशाच्या जागी पुठ्ठा आतून कसा तासायचा, म्हणजे जाडी कशी दिसत नाही, हे अर्धा तास लावून दाखवलं होतं. ती ऐकत होती. शिकवायला मिळालं की त्याला समोरचं दुसरं काही दिसत नसे. आणखी एकदा तिने विचारलं, "कागदाला कसर किती दिवसांत लागते?" त्यावर तो किती बोलला होता! दमट जागा, बंद कपाट, डांबराच्या गोळ्या. दोन गोळ्या कागदात बांधून दिल्याही होत्या, आणि ती पुडी तिने वहीसारखीच दोन्ही हातांनी घेतली होती. आणि मग, मागच्या वर्षाच्या शेवटी कधीतरी, पुलावरून चालताना, "आईला मिळाले का, असं तू तिला विचारतोस का?" "नाही गं. आम्ही बोलत नाही ना." "हं," खारू म्हणाली होती, आणि त्याचा हात सोडून कठड्याच्या गजांवरून बोटं ओढत पुढे गेली होती. टर्रर्र असा आवाज होत होता.

दोरा गाठीपाशी अडला. त्याने ओढला नाही. एका बंद कपाटात चौदा निळ्या वह्या आणि डांबराच्या दोन गोळ्या; हे त्याला इतकं स्पष्ट दिसलं की वास आला. का, ते कळेना. चोरी नव्हती, जी मुलगी सापडलेलं पेन वर्गशिक्षिकेकडे नेऊन देते तिची चोरी नव्हे. त्याला राग यायला हवा होता, पण रागालाही आत कुठे थोडी जागा लागते, आणि तिथे आधीच कुणीतरी बसलेलं होतं. "मावशी," तो म्हणाला, "आपण लहान मुलाच्या हातात काचेचं भांडं दिलं आणि सांगितलं की जिना चढून वर नेऊन दे. आणि ते मध्येच पायरीवर बसून राहिलं. तर?" मावशीने चष्म्यावरून पाहिलं. "तर भांडं देणाऱ्याच्या कानाखाली वाजवायची." "आणि मुलाला?" "त्याला म्हणायचं, बाबा रे, आधी ते खाली ठेव. हात दुखले असतील." मग दाताने दोरा तोडून ती म्हणाली, "खारू बरी आहे ना?"

गुरुवारी कोर्टाच्या कचेरीत त्याचा नंबर बाराच्या सुमारास लागला. अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. तो रुमाल मांडीवर ठेवूनच काम करत होता. मुलीची आई दुकानातून तशीच आली होती, पांढऱ्या कोटाच्या खिशात छोटी विजेरी. तीन खुर्च्या होत्या. मधली रिकामी ठेवून दोघं बसले, आणि ती रिकामी खुर्ची कुणाची हे दोघांनाही लगेच कळलं असावं, कारण दोघांनीही आपापल्या पिशव्या तिच्यावर ठेवायचं टाळून मांडीवर घेतल्या.

"पैसे दिले होते?" अधिकाऱ्याने विचारलं.

"दिले होते."

"कसे?"

"रोख. हातात."

"यांच्या हातात?"

"नाही."

"मग कुणाच्या?"

मेजावर टाचण्यांची डबी होती. सगळ्या टाचण्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. "जिथे द्यायला नको होते तिथे," तो म्हणाला.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता. दिवसाला वीस जणांना तेच सांगून त्याच्या आवाजाचा पृष्ठभाग झिजला होता. "अहो, आदेश तुम्ही वाचलात ना? पैसा मुलीचा, पण घ्यायचा आईने, आणि तोही खात्यात. का? कारण खात्यावर दिसतं. हातात दिलेलं आम्हाला धरता येत नाही. खाऊला दिले म्हणता येतं, वाढदिवसाला दिले म्हणता येतं. तुम्ही देता की नाही हा प्रश्नच नाही. ज्याचे त्याला पोचले का, हा प्रश्न आहे." तो शिंकला, आणि मग एकदम काही सुचल्यासारखा, "मुलीच्या हातात दिलेत का? अकराची आहे ना? मग तिला बोलवू. दहा मिनिटांचं काम. बाबा पैसे देत होते एवढं तिने सांगितलं, की तुमची बाकीही हलकी होईल आणि शनिवारचाही प्रश्न मिटेल."

दहा मिनिटं. त्याने ती मोजून पाहिली. खारू त्या मधल्या खुर्चीवर बसलेली, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. बाबांनी दिले होते का गं? हो. मग तू आईला दिलेस का? तिथून पुढचा प्रत्येक प्रश्न ओळीने दिसत होता, आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर त्याची बाकी थोडी थोडी कमी होत होती. शनिवार वाचत होता. आणि शनिवारी त्याच्याकडे कोण येणार होतं, ते मात्र दिसत नव्हतं.

"सर, एकदा यांनी वहीतून पाठवले होते," मुलीची आई म्हणाली. लग्नाच्या अकरा वर्षांत ती त्याला 'हे' म्हणाली नव्हती. कचेरीने ते करून दाखवलं. "पहिल्यांदा. मी त्याच दिवशी परत केले. मुलीबरोबरच." मग ती त्याच्याकडे वळली. "मिळाले होते ना?"

मिळाले नव्हते. तर हे असं होतं. एका घरातून नेऊन दे, दुसऱ्या घरातून परत नेऊन दे. दोन्ही माणसं मोठी, दोन्ही आपली, दोघांचंही ऐकायचं, आणि दोघांचं एकदम ऐकायचं तर हलायचंच नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवर चौदा महिने. त्याला ते गजांवरून ओढलेल्या बोटांचं टर्रर्र ऐकू आलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. फार नसावा, अधिकाऱ्याने रुमालाची घडी बदलली एवढाच. "हो," तो म्हणाला. "मिळाले."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तक्त्यावरचं अक्षर दिसत नसताना माणसं अंदाजाने वाचतात, आणि वाचण्यापूर्वी एक क्षण थांबतात. तो क्षण ओळखण्याचाच तिला पगार मिळतो, असं ती पूर्वी हसून सांगायची. आत्ता ती हसली नाही. तिच्या कोटाच्या खिशातली विजेरी तिच्या मुठीत एकदा पेटली आणि विझली, कापडातून दिसलं.

"मुलीला बोलवायचं नाही, सर," ती म्हणाली.

"पण मॅडम, अर्ज तुमचा आहे."

"अर्ज माझा आहे. बाकी लिहा. शनिवार आहे तसा राहू दे. आणि हप्ते लांब करा, झेपतील असे."

अधिकाऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "इथे लोक एका कपाटाच्या किल्लीवरून तासभर भांडतात," तो म्हणाला, जणू त्याची काहीतरी फसवणूक होत होती. मग त्याने लिहायला घेतलं. थकबाकी मान्य. रक्कम पगारातून न कापता स्वतः भरणार. ज्याला रक्कम द्यावयाची त्याचं नाव, असा एक रकाना होता. तो देणाऱ्याने स्वतः भरायचा होता. चार वर्षांत त्याने ते नाव लिहिलं नव्हतं, बँकेतही नुसता क्रमांक दाबलेला. एक नाव, त्यापुढे खातं. खाली सही.

जिन्यात ती दोन पायऱ्या पुढे होती. वळणावर थांबली. "परत आलेच नव्हते ना?"

"नाही."

"आणि मग? पुढचे?"

"दर महिन्याला दिले. प्रत्येक वहीत."

"मला वाटायचं नुसत्या वह्या," ती म्हणाली. "वाटायचं, वही द्यायला सुचतं याला, पैसे द्यायला सुचत नाहीत." ती कठड्याला टेकली. एक माणूस फायली घेऊन वर जात होता, त्याला दोघांनी वाट दिली. "सहलीला गेली नाही. पोट दुखतंय म्हणाली. कपाटाची किल्ली गळ्यात घालून झोपते. मला वाटलं, वय आहे, असेल काही गुपित." पुढचं ती बोलली ते भिंतीकडे बघून. "मी तिला म्हटलं होतं, तुझ्या बापाला सांग, मी भिकारीण नाही, पोरीच्या हातून पैसे घ्यायला. अगदी असंच म्हटलं होतं."

"मला नाही सांगितलं तिने."

"कसं सांगणार?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी कुणाचा तरी नंबर पुकारत होतं. त्याला आपले पाय फार जड वाटले, आणि तिलाही तसंच वाटत असेल असं वाटलं. पूर्वी बाजारातून येताना तिसऱ्या मजल्यापाशी वाटे तसं.

"मी उघडू कपाट?" तिने विचारलं.

"नको. तिचं ती उघडेल."

"नाही उघडलं तर?"

"मग राहू दे. तू तिला जे म्हणाली होतीस ते परत घे. मी खिसा काढून टाकतो."

"तुझं सोपं आहे," ती म्हणाली. पण त्यात पूर्वीची धार नव्हती. "बघते." आणि ती खाली उतरून गेली, दुकान उघडं टाकून आली होती.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने बँकेच्या यंत्रापुढे उभं राहून पैसे भरले. उरलेल्या वेळात नवी वही दाबातून काढली आणि तिच्या कडा कापल्या. मावशीने ती उलटून सुलटून पाहिली, मागच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला आणि परत दिली. शनिवारी खारू तीनला दोन मिनिटं असताना आली. पावणेचारला ती दोघं ग्रंथालयाच्या मुलांच्या खोलीत होती, खिडकीजवळच्या बुटक्या मेजाशी, जिथे त्याचे गुडघे मावत नसत. त्याने वही पुढे केली. तिने ती घेतली, दोन्ही हातांनी, आणि लगेच दप्तराची चेन उघडली.

"थांब," तो म्हणाला. "पैसे काल आईच्या खात्यात भरले. आईला माहीत आहे. इथून पुढे तसंच."

खारूने चेन अर्धीच ठेवली. "आणि आधीचे?"

"आधीचं आई आणि मी बघतो आहोत. ते आमचं काम."

"तुम्ही बोललात?"

"बोललो. जिन्यात."

"भांडलात?"

"नाही गं. दोघंही दमलो होतो."

हे तिला खरं वाटलं असावं. तिने वही मेजावर उलटी ठेवली आणि मागचा पुठ्ठा उघडला. अस्तराच्या कागदावर बोटं ठेवून ती हळूहळू कडेपर्यंत सरकवली, आंधळा माणूस वाचतो तशी, मग परत मधोमध. सगळीकडे सपाट होतं. त्याला सांगावंसं वाटलं की खिसा नसला की अस्तर एका दमात बसतं, फुगा येत नाही. वाक्य तोंडात आलंही होतं. त्याने ते तिथेच ठेवलं.

"मग ही वही कुणाची?" खारूने विचारलं.

"तुझी."

"म्हणजे यात लिहिलं तर चालेल?"

चौदा वह्या, प्रत्येकीची शहाण्णव पानं, आणि त्याने कधी विचारलं नव्हतं की तू त्यांत काय लिहितेस. "चालेल," तो म्हणाला.

तिने कुठल्यातरी खिशातून पेन्सिलीचं एक इवलंसं टोक काढलं. पहिलं पान उघडलं, डावा कोपर आडवा टाकून पानाभोवती भिंत केली आणि लिहायला सुरुवात केली. त्याने समोरच्या फळीकडे तोंड फिरवलं. तिथल्या एका जाड पुस्तकाची पाठ सुटायला आली होती. सोमवारी खाली न्यायला हवं. कानावर पेन्सिलीची कुरकुर येत होती, आणि मध्येच ठक् असा बारीक आवाज. गळ्यातली किल्ली वाकल्यावर मेजाच्या कडेला लागत होती. दोनदा लागली. तिसऱ्यांदा खारूने न बघताच दोरी डोक्यावरून काढली, किल्ली बाजूला ठेवली आणि लिहीत राहिली.